ओढ्याला नाला म्हणायचं नाही

आमच्या गावात पालिका आली तेव्हा रस्ता आला, दिवे आले, घंटागाडी आली. त्याबद्दल मी कधी वाईट बोललो नाही. पण तिनं घरामागच्या ओढ्यावर पुलाजवळ निळी पाटी ठोकली आणि तिच्यावर 'नाला' लिहिलं, तेव्हापासून माझं आणि तिचं जमलं नाही.

माझी शाळा चौथीला सुटली. पुढं शेती केली, चाकणकडच्या कंपन्यांत माल चढवला-उतरवला. मला शब्द कमी येतात, पण जे येतात ते मी सोडत नाही. ओढा म्हणजे ओढा. भाद्रपदातल्या पोळ्याला आम्ही त्यात बैल धुतले. बाळंतीण उठली की आमच्या बाया तिला ओढ्यावर नेतात, काठावर पाच खडे मांडतात आणि हळदकुंकू वाहतात. त्याला पाणी पुजणं म्हणतात. माझ्या आईनं माझ्या वेळी तिथंच पुजलं होतं. नाल्याला कुणी हळदकुंकू वाहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

मग वरच्या अंगाला पत्र्याच्या शेडी झाल्या. तिथं लोखंडाला मुलामा चढवतात. ओढ्याला फेस यायला लागला, आणि पाठोपाठ काठावरच्या आमच्या विहिरीचं पाणी जिभेला खिळ्यासारखं लागायला लागलं. मी पालिकेत गेलो. साहेबानं ऐकून घेतलं आणि विहिरीवर स्लॅब टाकायचं ठरवलं. पाणी वाईट आहे, डास होतात, झाकून टाका. म्हणजे दुखणं वरच्या अंगाला आणि पट्टी आमच्या तोंडाला. विहीर झाकली की पाणी नासलंय हे सांगणारं कोण उरतं? मी त्यांना म्हणालो, स्लॅब टाकायचाच असेल तर आधी मला आत सोडा.

मग आरोग्य खात्याची निरीक्षक बाई आली. वयानं माझ्या नातीएवढी, बोलणं बीडकडचं. मोबाईलवर तक्रार भरू लागली आणि विचारलं, नाला उघडा आहे का बंद.

"नाला न्हाई. ओढा."

"आबा, ह्याच्यात ओढा नाहीच."

"तुझ्या मोबाईलात नसंल. माझ्या दारात हाय."

ती हसली. पण नाला लिहिल्याशिवाय तक्रार पुढं सरकेना आणि नाला मी लिहू देईना. नाला म्हणजे घाण वाहायचीच जागा. त्यात घाण आहे म्हणून कोण धावून येणार? बाई तशीच परत गेली. थोरला मुलगा माझ्यावर भडकला. एका शब्दापायी विहीर घालवता, असं म्हणून बरेच दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

ज्या सकाळी स्लॅबची माणसं आली, त्याच सकाळी नातसुनेचं पाणी पुजायचं होतं. बाळंतपणाला सव्वा महिना त्याच दिवशी भरत होता. म्हाताऱ्यानं डाव टाकला असं गाव अजून म्हणतं. म्हणू दे. मुलाचं म्हणणं, मोरीतल्या नळाला पुजा, आता सगळे तसंच करतात. माझ्या म्हातारीनं ऐकलं नाही. ती पुढं, मागं कळशी घेतलेली नातसून, आणि बाकी बाया नाकाला पदर लावून. निरीक्षक बाई सिमेंटच्या टेम्पोबरोबर आली होती, ती काठावर थांबून बघत होती.

खडे मांडले तर फेस त्यांना येऊन चिकटला. म्हातारीनं एका हातानं फेस मागं सारला आणि दुसऱ्या हातानं हळद वाहिली. फेस परत आला. तिनं परत सारला.

बाईनं पायातल्या चपला काढल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं. टेम्पोवाल्यानं ते बघून गाडी बंद केली.

"आमच्याकडं बी असंच पुजतेत," ती म्हणाली. "पण आमच्याकडं पाणीच नसतंय."

म्हातारीनं तिला कुंकू लावलं. "मंग बाई, आमच्याकडं हाय ते तरी राखा."

बाईनं चपला घातल्या आणि ओढ्याच्या कडेनं वर चालायला लागली. मी काठी टेकत मागं. शेवटच्या शेडीमागं घाणेरीच्या झुडपात जुने टायर टाकले होते. ते बाजूला केले तर खाली काळा पाइप, त्यातून वाफाळतं पाणी ओढ्यात पडत होतं. शेडवाला पळत आला. म्हणाला, पावसाचं पाणी आहे. वर लख्ख ऊन.

"पाऊस कधी पडला, राव?" मी विचारलं. "सांगायचं तरी. वाळत घातलेली कापडं आत घेतली असती."

बाईनं बाटली भरली, फोटो काढले आणि तिथूनच साहेबाला फोन लावला. साहेब हो म्हणाला, तसं स्लॅबच्या माणसांनी विहिरीसाठी आणलेल्या सिमेंटनं त्या पाइपाचं तोंड बुजवलं. तक्रारीत तिनं 'इतर' असं काहीतरी निवडलं आणि पुढं स्वतःच्या बोटानं 'ओढा' लिहिलं. मला वाचून दाखवलं.

फेस आता नाही. पाण्याची चव अजून गेली नाही. तपासणी चांगली येईपर्यंत प्यायचं नाही असं बाईनं बजावलंय, आणि बाळाच्या आईला आम्ही टँकरचं उकळून देतो, तेवढं मलाही कळतं. पण विहीर उघडी आहे. डासांसाठी जाळी लावलीय, रोज आत वाकून बघतो.

पाटीवरच्या नाल्यावर मी गेरू फासला. परवा पालिकेचा रंगारी आला, पाटी पांढरी केली आणि अक्षरं काढायला ब्रश बुडवला. मी पुलावर खुर्ची टाकून बसलो आणि विचारलं, काय लिहिणार. म्हणाला, वरून सांगितलंय ते. मी खुर्ची हलवली नाही. चहा पिऊन तो डबा घेऊन गेला.

पाटी सध्या कोरी आहे. ओढा लिहायचं असेल तर शिडी मी धरतो.