दाराशी काढलेली पुडी

अतुल मुनेश्वर यांनी बावीस वर्षं शहरातला बेघर निवारा चालवला. बसस्टँडवर, लोहारा भागातल्या गोदामांआड दारू पिऊन पडलेली माणसं त्यांनी स्वतः उचलून आणली, आंघोळ घालून जेवू घातली. नियम मात्र एकच आणि कडक: नशा दाराबाहेर. दारातच ते खिसे तपासायचे आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पुड्या काढून घ्यायचे. त्या कचऱ्यात जातात असं सगळ्यांना वाटे. जायच्या मुनेश्वर साहेबांच्या टेबलाच्या खणात, आणि तिथून गालात. साहेब रोज स्वतःला शिव्या घालत आणि रोज खण उघडत.

सहा महिन्यांपूर्वी निवाऱ्यात आलेल्या उकंडाच्या खिशात तर दररोज एक पुडी ठरलेली. एके दिवशी साहेब सगळ्यांसमोर त्याच्यावर भडकले, "लाज नाही वाटत बे? सहा महिने झाले, एक खर्रा सुटून नाही राह्यला तुयाच्यानं?"

उकंडा जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "माहा तं कवाचाच सुटला, साहेब. तुमाले लागते म्हून आणतो."

त्याच्याच आदल्या दिवशीच्या पुडीतला खर्रा तेव्हा साहेबांच्या गालात होता. चारचौघांत थुंकणार कुठे? त्यांनी तो रसासकट गिळला.