डी ड्राइव्हवरची पुस्तकं

संस्थेच्या दारावर पितळी पाटी होती. न दिसणाऱ्यांसाठी वाचनालय, असं तिच्यावर ठसठशीत कोरलेलं, आणि टांगलेली इतकी उंच की ज्यांच्यासाठी ती होती त्यांचा हात काही तिथवर पोचायचा नाही. पाटी खाली आणा म्हणून ठोकेबाईंनी दोनदा अर्ज दिला. दोन्ही अर्जांची पोच मिळाली. पाटी तिथंच राहिली.

ठोकेबाई हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. तळघरातल्या त्यांच्या खोलीत ब्रेल छापायचं यंत्र होतं. जाड कागदावर टिंबं ठोकत सुटलं की वरच्या मजल्यावर कप बशीत नाचायचे. बाई आता सत्तावन्नच्या. टायपिस्ट म्हणून आल्या त्याला सव्वीस वर्षं झाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरी दोन खोल्या, एक खुर्ची खिडकीशी, दुसरी कपडे टाकायला. दिवसभरात त्यांच्याशी कोण किती बोललं याचा हिशेब मांडायचा तर एका हाताची बोटं पुरली असती, आणि त्यातही एक बोट संगणकाचं.

कारण तो संगणक बोलायचा. म्हणजे, बोलायचे ते मिस्त्री. छापलेलं पुस्तक ब्रेलमध्ये उतरवायचा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता, कुणाच्या बापाकडून विकत न घेता. ते खरे मिस्त्री नव्हते. काम हातात घेतलं की आधी पेन्सिल कानावर लावायचे, म्हणून मिस्त्री. पडद्यावर येणाऱ्या सूचना त्यांनी आपल्याच बोलीत घातल्या होत्या. काम न साठवता बाहेर पडायला गेलं की यायचं, ‘बाई, घाई कसली? आधी ठेवा नीट.’ फार वेळ टाइप केलं की, ‘डोळ्यांना पाणी लावून या.’ एका खोलीत बावीस वर्षं दोघं बसले, अहो-जाहो शेवटपर्यंत सुटलं नाही. चार वर्षांपूर्वी मिस्त्री गेले. सूचना येत राहिल्या.

त्या खोलीचा एक रिवाज होता. संगणक बंद करायचा नाही. एकदा बंद केला तेव्हा दोन दिवस उठलाच नव्हता. मिस्त्रींनी त्याचं पोट उघडून, फुंकर घालून, शिव्या घालून उठवला आणि सांगितलं, “बाई, आता याला झोपवायचं नाही.” वीज गेली तरी चालू राहावा म्हणून शेजारी बॅटरीचा डबा बसवला. तेव्हापासून सहा वर्षं तो अखंड जागा. बाई जाताना फक्त पडदा काळा करायच्या.

दुसरा रिवाज बाईंचा स्वतःचा. पुस्तक पुरं झाल्याशिवाय एकही पान छापायचं नाही. मध्ये एक ओळ वाढली की पुढचे सगळे पानांचे आकडे सरकतात, आणि हातानं वाचणाऱ्याला चुकीचा आकडा म्हणजे भर रस्त्यात उघडा खड्डा.

या वर्षी संगणक घरघरायला लागला. नवे व्यवस्थापक खाली आले, रुमाल नाकाला लावून. खोली भंगार सामानाला चांगली आहे, असं त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

“हल्ली लोक कानानं ऐकतात पुस्तकं,” ते म्हणाले.

“तुम्ही पेपर ऐकता का वाचता?” बाई म्हणाल्या.

व्यवस्थापकांना असली भाषा सवयीची नव्हती. ते जिना चढता चढता बोलले. वरच्या मजल्यावरचा एक वापरलेला, पण त्यातल्या त्यात नवा संगणक देतो. महिनाअखेरपर्यंत त्यावरून एक नवं पुस्तक निघालं तर खोली राहील. नाही तर स्टोअर. बॅटरीचा जुना डबा आता दम टाकत होता; नवा मागितला, तर तो मंजूर नाही.

बाई बाजारातल्या दुरुस्तीवालीकडे गेल्या. ती चाळिशीची, गळ्यात चष्मा, दुकानात पाऊल टाकायला जागा नाही. तिनं येऊन जुना संगणक बंद केला. तो पुन्हा उठला नाही, बाईंना ते आधीच ठाऊक होतं. आतल्या दोन्ही डिस्क मात्र धडधाकट निघाल्या. तिनं त्यांची जशीच्या तशी नक्कल फाइलमध्ये उतरवली आणि समजावलं, “ताई, आता या नव्या संगणकाच्या पोटात आपण दुसरा, खोटा संगणक मांडायचा. व्हर्च्युअल मशीन. त्याला या दोन फाइली दिल्या की त्याला वाटतं या खऱ्याच डिस्क आहेत. तुमचा प्रोग्राम कुठं बसलाय ते त्याला कळणारही नाही.”

“फसवायचं म्हणजे.”

“मायेनं फसवायचं.”

पुढचं बाईंनी स्वतः केलं. दुरुस्तीवालीनं कागदावर पायऱ्या लिहून दिल्या होत्या. पहिली डिस्क पहिल्या जागी, तिच्यावर प्रोग्राम. दुसरी दुसऱ्या जागी, तिच्यावर पुस्तकं, सव्वीस वर्षांची चारशे बारा. शिवाय एक सीडी ड्राइव्ह, तीही खोटी. मशीन सुरू झालं. जुना निळा पडदा आला. मग प्रोग्राम उघडला, तर मिस्त्री म्हणाले, ‘बाई, पुस्तकं कुठं ठेवलीत?’

ही सूचना बाईंनी कधी पाहिली नव्हती. कधीतरी पुस्तकं सापडणार नाहीत, असं मिस्त्रींना पूर्वीच वाटून गेलं असणार. बाई बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसल्या. मग कागद पुन्हा वाचला. प्रोग्राम पुस्तकं शोधायचा डी ड्राइव्हवर, आणि डी हे अक्षर त्या उपऱ्या सीडी ड्राइव्हनं बळकावलं होतं. पुस्तकं बिचारी ई वर जाऊन बसलेली. बाईंनी सीडीला उचलून झेडवर हाकललं आणि पुस्तकांना त्यांची जागा परत दिली. पुन्हा प्रोग्राम उघडला. चारशे बारा नावं, एकाखाली एक.

दुरुस्तीवालीनं फोनवर शेवटची पायरी सांगितली. “आता एकदा बंद करा आणि प्रोग्रामच्या डिस्कला ‘न टिकणारी’ अशी खूण करा. म्हणजे चालू असताना काही बिघडलं, तरी बंद करून उघडलं की पहिल्यासारखी. मूळ डिस्कला धक्का नाही.”

“पहिल्यासारखी?”

“तंतोतंत.”

फोन ठेवल्यावर बाईंनी पहिल्या डिस्कला खूण केली. मग दुसऱ्या डिस्ककडे बघितलं. प्रोग्रामला जपायचं आणि पुस्तकांना उघड्यावर सोडायचं? त्यांनी दुसऱ्या डिस्कलाही तीच खूण केली. कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या डोक्यानं केलं आणि त्या दिवशी त्या समाधानानं घरी गेल्या.

महिनाअखेरीसाठी पुस्तक ठरलेलंच होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक आजोबा राहायचे, वय चौऱ्याऐंशी, जन्मभर टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये कानानं नोकरी केलेली. तीन खंडांच्या एका कादंबरीचे दोन खंड त्यांनी वाचले होते. तिसऱ्यासाठी दर मंगळवारी फोन करायचे.

“कितवं पान?”

“शंभर झाली, आजोबा.”

“तो धाकटा भाऊ परत येतो का हो?”

“मी सांगायची नाही.”

“तुम्ही फार कडक बाई आहात.” आणि मग ते उगाच हवापाण्याचं बोलायचे, बाईही बोलायच्या. कधी वीस मिनिटं. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं, आजोबा तर पाहणारच नव्हते.

एकोणीस दिवसांत दोनशे चौदा पानं झाली. रोज संध्याकाळी बाई काम साठवायच्या, पडदा काळा करायच्या आणि निघायच्या. बंद करायचं नाही, हे हातात मुरलेलं. रविवारी इमारतीत वायरिंगचं काम होतं. रखवालदारानं मुख्य स्विच खाली ओढला. तळघरात कोण बसतं, हे विचारायचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सोमवारी बाईंनी मशीन चालू केलं. सगळं लखलखीत, पहिल्यासारखं. तंतोतंत. चारशे बारा पुस्तकं. चारशे तेरावं नाही.

त्यांनी यादी तीनदा वरपासून खालपर्यंत वाचली. मग दुरुस्तीवालीला फोन.

“पुस्तकांच्या डिस्कला पण खूण केलीत? ताई, ती खूण म्हणजे जे लिहाल ते वाऱ्यावर. बंद झालं की पुसलं. जुनं राहतं, नवं काही ठेवून घेत नाही ती.”

“परत आणता येईल?”

“नाही. मी तेव्हाच बघून जायला हवं होतं.”

“तुमचा काय दोष? दगड मी बांधला गळ्यात.”

बाई खुर्चीत बसून राहिल्या. राग आला तो कुणावर काढावा हे कळेना. रखवालदारावर काढला असता तर तो बिचारा हात जोडून उभा राहिला असता. व्यवस्थापकांवर काढावा, तर डबा मागितला होता हे खरं, पण खूण बाईंच्याच हातची. या खोलीत एकच माणूस असं होतं ज्याला हे सांगितलं असतं आणि ज्यानं पेन्सिल कानावर लावून ‘हं’ एवढंच म्हटलं असतं.

दुरुस्तीवालीनं सांगितलं तसं मशीन बंद करून त्यांनी पुस्तकांच्या डिस्कची खूण काढली. चार ओळी टाइप केल्या, साठवल्या. आणि मग सहा वर्षांत प्रथमच कुणी न सांगता, मशीन स्वतःच्या हातानं बंद केलं. पुन्हा उघडलं. चार ओळी होत्या. बाईंना रडू आलं ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. आजोबांना थाप मारता आली असती. बाईंनी सगळं सांगितलं, खुणेसकट.

 आजोबा म्हणाले, “मला घाई नाही असं मी म्हणणार नाही. आहे.”

“महिनाअखेरीला नऊ दिवस आहेत. पुरं होणार नाही.”

“पुरं कशाला हवं? जेवढं होईल तेवढं पाठवा. सुटी पानं.”

“आकडे सरकतील.”

“सरकू द्या. बोटं माझी आहेत.”

बाईंनी आपला रिवाज मोडला. रोज जेवढी पानं होतील तेवढी संध्याकाळी ठोकायची, पाकिटात घालायची, टपालात टाकायची. अर्धा दिवस ठोकण्यात आणि टपालात जायचा, पाठीत कळ यायची. हात मात्र जलद चालत होता, कारण वाक्यं एकदा हातून गेलेली होती. धाकट्या भावाच्या पत्राशी पोचल्यावर त्या थबकल्या. हेच पत्र त्यांनी आधी टाइप केलं होतं, तेव्हा ते जगात कुणालाच मिळालं नाही.

महिनाअखेरीला व्यवस्थापक उतरले. “पुस्तक?”

“एकाहत्तर पानं झाली. वाचकाकडे गेली.”

“बांधलेलं पुस्तक म्हणालो होतो मी.”

“तुम्ही ‘निघालं तर’ म्हणाला होतात. निघालंय. रोज निघतंय.” बाईंनी टपालाच्या पावत्या टेबलावर पसरल्या. “आणि माझ्या चुकीनं दोनशे चौदा पानं गेली, तेही लिहून ठेवलंय. वाचा.”

व्यवस्थापकांनी पावत्या बघितल्या. लिहिलेला कागद बघितला नाही. निर्णय त्यांनी तिथल्या तिथं दिला, ना इकडचा ना तिकडचा. पुस्तक संपेपर्यंत यंत्र राहील. खोली मात्र अर्धी. पलीकडची भिंत, कपाट आणि मिस्त्रींचं टेबल असलेली बाजू स्टोअरला जाईल.

“पुस्तक संपल्यावर?”

“तेव्हा बघू.”

दुपारी हमाल आले. वॉटर फिल्टरची खोकी, मोडक्या खुर्च्या, निवडणुकीतल्यासारखे दिसणारे कापडी फलक. मिस्त्रींचं टेबल त्यांनी उभं करून भिंतीला टेकवलं, चार पाय खोलीकडे.  महिन्यापूर्वी बाईंनी ते पुन्हा सरळ करायला लावलं असतं; आता त्या कागदांचे गठ्ठे यंत्राजवळ ओढून घेत राहिल्या. खोक्यांची चळत वाढत वाढत झरोक्यापर्यंत गेली आणि खोलीत अंधारलं.

“मावशी, हे कायम असं ठोकत असतं का?” एका हमालानं यंत्राकडे बोट दाखवून विचारलं.

“दिवसभर.”

“डोकं उठत नाही तुमचं?”

“सवय झाली,” बाई म्हणाल्या. “तेवढा प्लगपर्यंत हात जाईल असं ठेवा ते खोकं.”

त्यानं खोकं वीतभर सरकवलं. ते गेल्यावर बाईंनी दिवा लावला, मूळ पुस्तक स्टँडवर सरळ केलं आणि बाहत्तरावं पान घेतलं.