मी बाबांना दिलेलं आडनाव

सौसरहून धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. "ताई, बाबा गेले." मी नागपूरला, ऑफिसात होते. फोन ठेवला आणि कागद ओढून यादी केली : भंतेजींना निरोप, डॉक्टरांचा दाखला, मावशीला लोधीखेड्याहून कोण आणील, बाबांचा पांढरा सदरा. सगळी कामं वेळेत झाली. रडायचं तेवढं राहून गेलं. ते पंधरा दिवसांनी आलं, वामनकाका येऊन बसले तेव्हा.

बाबा तहसील कचेरीत बाबू होते. आम्ही बौद्ध, हे आख्ख्या सौसरला माहीत. तरी नवा माणूस भेटला की बाबा कुणी विचारायच्या आधीच मोठ्यानं सांगत, "गजभिये, सौसर." शाळेत हजेरी द्यावी तसं. "आपनच सांगून टाकलं का समोरच्याले विचाराचा तरास नाही," असं म्हणून हसत. त्या हसण्यात काय होतं ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

पंच्याऐंशीच्या सुमारास मला पांढुर्ण्याला मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. मी बारा वर्षांची. पहिल्या महिन्यात बाबा एका रविवारी बसने आले आणि मला स्टँडसमोरच्या भोजनालयात घेऊन गेले. चार लाकडी टेबलं, मागच्या अंगाला हात धुवायचा नळ. वसतिगृहाच्या पातळ वरणानंतर तो आलूबोंडा आणि वर लाल तर्री आलेला रस्सा... मी मान वर करीत नव्हते. मालकांना सगळे काकाजी म्हणत होते. मोठे मायाळू गृहस्थ. गरम पोळी स्वतःच्या हाताने माझ्या ताटात टाकत म्हणाले, "घे वो माय, लाजून काहून राहिली?" बाबांचं बोट रश्शाने भरलं म्हणून ते नळावर गेले, आणि काकाजींनी विचारलं, "कोन गावचे तुमी?"

"सौसर."

"आडनाव?"

एका गावी जात कळल्यावर माझ्या आत्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलेलं मी पाहिलं होतं. ताटाजवळ आलेला हा हात तसाच वर जाईल, असं मला वाटलं. मी वसतिगृहातल्या मैत्रिणीचं आडनाव सांगितलं. "देशमुख."

बाबा मागेच उभे होते, ओल्या हातांनी.

"अरे वा, देशमुख साहेब! अगोदर सांगाचं नं राजेहो!" म्हणत काकाजी आत गेले आणि तुपाची वाटी घेऊन आले. बाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग बसले, ताट पुढे ओढलं, म्हणाले, "जेव." पोळीवर आलेलं तूपही त्यांनी सगळं खाल्लं. निघताना काकाजी म्हणाले, "येत जा, देशमुख साहेब." बाबा म्हणाले, "येतो." बाबा आता रागावतील, मग रागावतील, अशी वाट पाहत मी वसतिगृहापर्यंत चालले. फाटकाशी त्यांनी एवढंच विचारलं, "पोट भरलं?"

त्यानंतर बाबांनी मला कधी हॉटेलात नेलं नाही. आईचा डबा आणत आणि वसतिगृहाच्या आवारातल्या निंबाखाली आम्ही जेवत असू. पुढे मला नोकरी लागली, पहिल्या पगारात त्यांना जेवायला न्यायचं ठरवलं, तर "मले बाहेरचं पचत नाही" म्हणाले. मी समजून बसले की त्यांनी मला माफ केलेलं नाही. 'बाबांशी बोलणे' ही ओळ माझ्या कितीतरी याद्यांत आहे. तिच्या वरच्या-खालच्या ओळींवर काम झाल्याच्या खुणा आहेत...

वामनकाका बाबांच्याच कचेरीतले, आमच्याच वस्तीतले. पंधराव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, आणि का कोण जाणे, मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मले माहीत हाये पोरी थे. आमी दोघं कामानं पांढुर्ण्याले जावो. स्टँडवर उतरलो का थो मानूस दारातून आवाज दे, देशमुख साहेब! अन् तुहा बाप हात वर करे. मी भांडलो त्याच्याशी. म्हटलं, अबे गजभिये, भेऊन काहून राहिला? सांगून टाक नं! तं म्हने, वामन, पोट्टी याच गावात शिकून राहिली. मी खरं सांगतलं तं थे खोटी पडते."

"किती दिवस चाललं हे?"

"तू शिकून निघाली तोवर. चारेक वर्सं. मी सहा महिने बोललो नाही त्याच्यासंग."

डबा कशासाठी येत होता, ते मला तेव्हा कळलं. त्या टेबलावर पुन्हा खोटं बोलायची पाळी माझ्यावर येऊ नये, म्हणून. आणि ते स्वतः मात्र...

गेल्या आठवड्यात मी बाबांचे कागद घेऊन पांढुर्ण्याला गेले होते. आता तो जिल्हा झालाय. स्टँडसमोर भोजनालय नाही, मोबाइलचं दुकान आहे. मला थांबायचं नव्हतं, पुढे दोन कामं होती. तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली, "ओ देशमुख साहेब!"

मी गर्रकन वळले. मोटारसायकलवरच्या एका माणसाने हात वर केला आणि तो निघून गेला. तो कुणी खरोखरचा देशमुख असेल. मी मात्र त्या गर्दीत आणखी एक हात वर होईल म्हणून बघत उभी राहिले...