ओल्या भिंतीवरचा रंग
गणपती तोंडावर आले की आमच्या आळीत घरोघरी रंगाचा वास सुटतो आणि मला पुराचं ते वर्ष आठवतं. वाशिंदच्या आमच्या घरात नदीचं पाणी खिडकीपर्यंत चढलं होतं. ते ओसरल्यावर आम्ही फावड्यांनी चिखल काढला, कुजक्या वासाच्या गाद्या फेकून दिल्या, पण भिंतींना हात लावला की गार लागायचं. गवंडी म्हणाला, “दिवाळीपर्यंत रंगाचं नाव काढू नका. भिंत आतून ओली हाय.” पण सासरे कुणाचं ऐकतील तर शपथ. “देव काय चिखलाच्या डागांपुढं बसवू?” म्हणाले आणि स्वतःच शिडीवर चढून पिवळाधमक रंग मारून मोकळे झाले. चतुर्थीच्या सकाळी मखरामागे त्या रंगाला पापडासारखा फुगा आला. मूर्ती आणायला निघायचं होतं. नुकत्याच न्हालेल्या सासऱ्यांनी ओल्या हातानेच तो दाबून बसवायला घेतला. मखराची रोषणाई चालू होती आणि भिंतीतल्या वायरीचा करंट त्या ओलीत उतरला होता. ते ओरडलेसुद्धा नाहीत. आमची मूर्ती त्या वर्षी कारखान्यातच राहिली. पुढे आम्ही तो रंग खरवडला, वायरिंग बदललं. भिंत केव्हाच खडखडीत वाळली आहे. तरी दरवर्षी मी रंगाचा विषय काढला की सासूबाई उठतात, भिंतीला तळहात लावून बराच वेळ उभ्या राहतात आणि म्हणतात, “नाय गो, अजून ओली हाय.”