चंद्रीची धार आणि दोन विटा

शाळेच्या ग्राउंडवर रोज सकाळी सहाला आम्ही अकरा बाया व्यायामाला जमतो. वजनं किती उतरली ते विचारू नका, पण किस्से इतके साठलेत की एक सांगायला जावं तर दुसरा मध्येच तोंड घालतो! माझं शिलाई मशीन बंद पडतं, तोंड नाही. म्हणून सांगायचं काम माझ्याकडे.

*

आम्हाला शिकवतात मार्थाबाई. पाथर्डीला पीटीच्या टीचर होत्या, रिटायर होऊन गावात आल्या. पहिल्याच दिवशी ऑर्डर सुटली, "उद्या बूट घालून यायचं!"

दुसऱ्या दिवशी मंगल आली ती नवऱ्याचे बूट घालून. पाठोपाठ हातात डबा घेऊन, चपला फटफटवत नवरा! "अगं ए, बूट सोड! मला ड्युटीला जायचंय!"

"धा मिन्टं थांबा," मंगल उड्या मारतच म्हणाली, "अजून एक सेट राहिलाय!"

थांबला बिचारा.

*

त्याच आठवड्यात काळिंदीकाकू काठी टेकत आल्या. "बाई, मला उकिडवं बसता आलं पायजे."

आम्ही हसलो. मग कारण कळलं. काकूंची म्हैस चंद्री दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही, आणि गुडघ्यांमुळे काकूंना खाली बसवेना. स्टुलावर बसून बघितलं, तर चंद्रीनं स्टूल लाथाडलं! कशीबशी ओणव्यानं धार काढायच्या, निम्मं दूध कासेतच राहायचं. मुलगा दत्ता म्हणत होता, म्हैस विकून टाकू.

"पारडी हुती तवापास्नं मी वाढवलीय तिला," म्हणताना काकूंना रडूच आलं.

मार्थाबाईंनी खुर्ची आणली. "बसा. उठा. दहा वेळा."

*

मंगलची सासू एकदा भांडायलाच आली. "घरात कामं कमी हायेत का? धुणं, भांडी, खुरपनी..."

"आजी, धुणं झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या का कधी?" मार्थाबाईंनी विचारलं.

"न्हाई बा."

"मग हात वर करा."

आजींनी केले. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून सहाच्या आधीच आजी हजर, आणि मंगलला उशीर झाला तर शिव्या!

*

मी नगरला निघाले आणि एसटी सुटली. पदर खोचून अशी पळाले, अशी पळाले, की थेट गाडीच्या पुढं! कंडक्टर ओरडला, "मावशी, दार मागं राहिलं!"

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी असं पळता येतं, याचाच मला इतका आनंद झाला की नगर येईपर्यंत एकटीच हसत होते.

*

इकडे काकू खुर्चीवरून स्टुलावर आल्या, स्टुलावरून दोन विटांवर. काठी घरी राहायला लागली. पण विटा काढल्या की काकू अडायच्या. तेवढ्यात एका संध्याकाळी दत्तानं म्हशींचा व्यापारी बोलावला. आम्ही सगळ्याजणी गोठ्यात धडकलो.

"धार काढून दाखवा," व्यापारी म्हणाला. दत्ता पुढं झाला. चंद्रीनं अशी लाथ उगारली की तो तिसऱ्या दावणीला!

काकूंनी बादली उचलली. मंगल विटा आणायला धावली.

"ऱ्हाऊ दे गं."

काकू हळूहळू खाली गेल्या आणि उकिडव्या बसल्या. मार्थाबाई पुटपुटत होत्या, "टाचा टेकवा, टाचा टेकवा." चंद्री हलली नाही. बादली फेसानं भरली. मग कशालाही न धरता काकू उठल्या.

पहिली टाळी आजींची!

काकूंनी बादली दत्ताच्या हातात दिली आणि व्यापाऱ्याकडं वळल्या. "दूध बघितलंस न्हवं? मंग च्या पी आन् जा."