उस्तादानं न उचललेलं चाक

बडनेऱ्याला स्टेशन रोडवर धर्मपालची सायकल दुरुस्तीची टपरी आहे, गेली पस्तीस वर्षं. माणूस महासंशयी. नवी कोरी सायकल खोक्यातून निघाली तरी हा मागचं चाक उचलणार, पॅडल फिरवणार, कान लावून ऐकणार आणि मग कुठे मान हलवणार. लोक त्या मान हलवण्यावर सायकल घेत. अपवाद एकच. आपण शिकवलेल्या माणसानं तयार केलेली सायकल गिऱ्हाइकासमोर तपासायची नाही. शिष्याचा चारचौघांत पाणउतारा होऊ नये म्हणून धर्मपालच्या उस्तादानं घालून दिलेला हा नियम.

असा शिष्य एकच टिकला, अनुप. सात वर्षं टपरीवर राबला, धर्मपालच्या घरी जेवला, त्याची मुलगी माया हिला सायकल शिकवली तीही त्यानंच. आता अकोल्यात त्याचं बॅटरीच्या सायकलींचं चकाचक दुकान आहे. ही गोष्ट धर्मपाल इतक्यांदा सांगे, की लोक त्याला लांबून पाहून रस्ता बदलत.

माया नर्स. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण झटका अजिबात नको. धर्मपालनं पंधरा दिवस मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. बॅटरीच्या सायकलींत सेन्सर दोन तऱ्हेचे. एकाला पॅडल फिरलं एवढंच कळतं. ते जरासं हललं तरी मोटर एकदम ओढते. दुसरा पायाचा जोर मोजतो, जेवढा जोर तेवढीच मदत देतो. मायासाठी दुसराच, हे पक्कं करून बापलेक अकोल्याला गेले.

"जोर मोजनाराच पायजे बरं."

"तोच हाये, उस्ताद. मायाताईले दुसरा देईन काय मी?"

धर्मपालचा हात सवयीनं मागच्या चाकाकडे गेला. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यानं हात मागे घेतला, मान हलवली आणि वर त्या चौघांना सांगितलं, "हा माह्या हाताखाली शिकला."

पाचव्या दिवशी माया नव्या सायकलवर सिग्नलला थांबली होती. पॅडल सारखं करायला तिनं पायानं ते जरासं पुढे ढकललं, तर सायकल उसळून समोरच्या ऑटोवर गेली. माया पडली ती त्याच गुडघ्यावर. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दवाखान्यातून आल्यावर धर्मपालनं अंगणात सायकलचं मागचं चाक उचललं. एका बोटानं पॅडल फिरवलं. मोटर सुरू झाली आणि चाक भन्नाट फिरायला लागलं. बोटात कसला आलाय जोर! पोरानं केसानं गळा कापला होता.

दुसऱ्या दिवशी तो अकोल्याला गेला. या वेळी अनुप खोटं बोलला नाही, एवढंच.

"जोरवाला माल त्या दिवशी नवता, उस्ताद. तुमी दुसऱ्या दुकानात गेले असते. मले काय मालूम ताई पडन म्हनून?"

"अन् मी तवाच चाक उचललं असतं तर?"

अनुप ओशाळं हसला. "तुमी उचलत नाई ना माह्यासमोर. मले मालूम होतं."

ज्या आदरानं धर्मपालनं हात मागे घेतला होता, त्या आदराचा या पोरानं हिशेब धरला होता. सात वर्षं बाजूला बसून हा सायकल शिकला होता तशा उस्तादाच्या सवयीही शिकला होता.

काउंटरपाशी एक नवराबायको निळी सायकल न्याहाळत होते. धर्मपाल सरळ त्यांच्याकडे गेला.

"जोर मोजते म्हनून सांगतलं काय तुमाले?"

बाईनं हो म्हटलं. धर्मपालनं चाक उचललं, एक बोट पॅडलला लावलं. चाक भणभणत फिरलं.

"उस्ताद, गिऱ्हाइकासमोर काहून करून राहिले असं?" अनुप धावत आला.

"उस्ताद म्हनू नको मले," धर्मपाल म्हणाला आणि पुढच्या सायकलचं चाक उचलायला वाकला.