वायर काढलेल्या धाकट्याची सही

…तर वायर धाकट्याच्या हातात होती, इथवर काल आलो होतो आपण. हातात म्हणजे अक्षरशः हातात. एक टोक मुठीत, दुसरं लोंबकळतंय, आणि टेबलावर पत्त्यांच्या जोडाएवढं ते यंत्र थंडगार पडलेलं. मी बोट लावून पाहिलं. दगड. आणि त्याच वेळी त्याच्या मोबाईलवर, एकोणीस नावांच्या यादीत, सातवं नाव हिरवंगार. सातवं म्हणजे ह्याचंच. पुढे लिहिलेलं: शेवटची सही, चार सेकंदांपूर्वी.

"आता बोल," धाकटा म्हणाला. "मी इथे आहे ना?"

"आहेस."

"यंत्र इथे आहे?"

"आहे."

"मग माझी सही कोण करतंय?"

मला आधी हसू आलं. मग त्याचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागे जातो, बाकीच्यांनी तेवढं सोसून घ्या. धाकटा हा वजनकाटे दुरुस्त करणारा. वय अडुसष्ट, पण सगळं जग त्याला धाकटे म्हणतं, कारण त्याला एक थोरला भाऊ आहे. बापाचा काटे दुरुस्तीचा कारखाना. पाटीवर आधी बापाचं नाव होतं, बाप गेल्यावर थोरल्याचं आलं. धाकट्याचं कधीच आलं नाही. चार वर्षांपूर्वी दोघांची वाटणी झाली. कशावरून, ते आता दोघांनाही धड सांगता येत नाही. थोरला जुन्या जागेत राहिला. हा चार गल्ल्या अलीकडे, आमच्याच जिन्यावर, सुनेच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत कामाचं टेबल टाकून बसला. बोलणं बंद. रस्त्यात गाठ पडली तर दोघंही समोरच्या दुकानाच्या पाट्या वाचायला लागतात.

आता ते यंत्र. ब्लॉकचेन म्हणजे काय, हे मला धाकट्याने तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा माझ्या डोक्यावरून गेलं. मग मीच त्याला सांगितलं! आमच्या गावच्या शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे. पोरं हजेरीपटात खाडाखोड करतात असा त्यांना संशय. खरा संशय, मीच करायचो. तर त्यांनी शक्कल काढली. रोजची हजेरी वर्गातल्या प्रत्येकाने आपापल्या वहीत उतरवायची आणि पानाच्या डोक्यावर कालच्या पानाची खूण लिहायची. आता मी माझ्या वहीत 'गैरहजर'चं 'हजर' केलं, तरी बाकीच्या वह्या माझ्या नावाने बोंब मारणार. एक पान बदललं की पुढच्या सगळ्या खुणा चुकणार. धाकटा टाळी देऊन म्हणाला, "हेच! फक्त वह्यांच्या जागी यंत्रं."

ह्यांची वही काट्यांची होती. ठिकठिकाणचे काटे दुरुस्त करणारे एकोणीस जण, कोण कुठल्या देशातला, एकमेकांचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. कुठला काटा कुठल्या दिवशी तपासला आणि किती चुकत होता, ते त्यात लिहायचं. एकदा लिहिलं की कुणाच्या बापालाही बदलता येत नाही. प्रत्येकाकडे एक नोड, म्हणजे असलं एक छोटं यंत्र, अख्खी वही सांभाळणारं आणि दर पानावर मालकाच्या नावाने सही ठोकणारं. नियम एकच, पण कडक: एका नावाची एका पानावर एकच सही. एकाच नावाच्या दोन सह्या पडल्या की ते नाव यादीतून कायमचं बाद. सुनावणी नाही, माफी नाही. धाकट्याने त्या यादीत स्वतःचं पूर्ण नाव घातलं होतं. उभ्या आयुष्यात त्याचं नाव कुठल्या पाटीवर आलं असेल तर ते ह्या एका जागी.

तर सोमवारी त्याच्या यंत्राचा चार्जर जळाला. नवा यायला चार दिवस. बुधवारी त्याने सहज यादी उघडली. आपलं नाव राखाडी पडलं असेल, म्हटलं बघावं. तर हिरवं. वायर काढून पाहिली, यंत्र उलटं करून पाहिलं, मला हाक मारली. ते झालं काल सांगून.

गुरुवारी त्यांच्या गटाच्या प्रमुख बाई, कुठल्याशा दूरच्या शहरात दुधाचे काटे बघतात, त्यांचा निरोप आला: "गेले तीन दिवस तुमच्या सह्या एकदाही उशिरा आल्या नाहीत. काही सुधारणा केलीत का? अभिनंदन."

धाकट्याने तो मला वाचून दाखवला आणि चष्मा काढून ठेवला. "मी बंद असतो तेव्हा जास्त नीट चालतो," तो म्हणाला.

सूनबाई दारातून म्हणाल्या, "बाबा, चालतंय ना? मग चालू दे की! वीजही आपली लागत नाही."

त्यांचं हसणं पुढे दहा मिनिटंसुद्धा टिकलं नाही. झालं असं, की एक वाजून दहा मिनिटांनी ते सातवं नाव विझलं. आमच्या डोळ्यांसमोर. हिरव्याचं राखाडी झालं. धाकट्याने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात सूनबाईंनी रोजच्यासारखी हाक मारली, "बाबा, एक दहा झालेत, हात धुवा!" आणि धाकटा उठला, त्याने टेबलाच्या वरचा मेन स्विच खटकन खाली ओढला, आणि तसाच उभा राहिला. हात स्विचवरच. रोज जेवायला बसण्याआधी तो तिथली वीज तोडतो. वर्षानुवर्षांची सवय. एक दहाला खाली, दीडला वर.

दीडला स्विच वर केला. दोनएक मिनिटांत सातवं नाव पुन्हा हिरवं.

"जेवून आला," धाकटा म्हणाला.

सूनबाईंनी ताटं न उचलताच आत जाऊन दार लावून घेतलं.

शुक्रवारी त्याने काय केलं माहीत आहे? जेवण मुद्दाम दोनपर्यंत लांबवलं. पोटात कावळे ओरडतायत आणि हा मोबाईलकडे बघत बसलाय. समोरचा मात्र बरोब्बर एक दहालाच विझला. धाकटा माझ्याकडे वळला. "म्हणजे तो माझी नक्कल करत नाहीये," तो म्हणाला. "मग इतकी वर्षं मी त्याची करतोय की काय?" मी पाणी मागितलं. त्या दिवशी त्याने आरशात न बघता दाढी केली, आणि दोन ठिकाणी कापून घेतलं.

नवा चार्जर त्याच संध्याकाळी आला. खोका फोडलासुद्धा नाही. आपलं यंत्र लावायचं तर एका पानावर दोन सह्या, आणि नाव कायमचं गेलं. नाही लावायचं, तर आपल्या नावाने दुसराच कुणीतरी जगतोय. धाकटा मुळात सरळ माणूस. त्याने गटाला सगळं खरं खरं कळवून टाकलं. बाईंचं उत्तर आलं: "रविवारी संध्याकाळी सहापर्यंत सांगा, दोघांपैकी खरे तुम्ही कोणते. त्यालाच ठेवू, दुसऱ्याला कायमचं अडवू. उत्तर नाही आलं तर नियमाप्रमाणे नाव काढावं लागेल."

शनिवारी सकाळी आम्ही जिन्यात बसलो होतो. मी आपला बोलायचं म्हणून बोललो, "हे जेवताना वीज तोडायचं खूळ तुझ्या डोक्यात घातलं कुणी?"

"बाबांनी. कारखान्यात एकाला खाताखाता झटका बसला होता. तेव्हापासून डबा उघडायचा तर आधी स्विच. एक दहा ते दीड."

"आणखी कुणाला शिकवलं त्यांनी?"

"दादाला," धाकटा म्हणाला. त्याने हातातला कप पायरीवर ठेवून दिला.

मग एकेक आठवत गेलं. काटे तपासायचे आकडे दाखवणारा एक पत्र्याचा डबा होता. त्याच्या पोटात धाकट्याने पहिलं यंत्र बसवलं होतं, आकडेही दाखवायचं आणि वहीही सांभाळायचं. वाटणीत डबा थोरल्याकडे गेला. तो जाण्याआधी धाकट्याने त्याच्या मेमरी कार्डाची हुबेहूब प्रत काढली आणि इकडच्या यंत्रात घातली. नाव, सही, सगळं आलं. पण जुनं कार्ड पुसायचं राहिलं. वाटणीच्या दिवशी कार्ड पुसत कोण बसतं? आणि थोरल्याकडे इंटरनेट नव्हतंच, त्यामुळे ते चार वर्षं मुकं पडून राहिलं.

साडेबाराला आम्ही दोघं थोरल्याच्या दारात. आत छताला टांगलेले काटे, भिंतीला टेकवलेले काटे, आणि मधे थोरला एक पारडं पुसत बसलेला. मान वर न करता म्हणाला, "दार लावून घे. वाऱ्याने काटा हलतो."

चार वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य!

फळीवर तो पत्र्याचा डबा. आकडे लाल दिसत होते, आणि मागच्या भोकातून एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. दोनदा भरभर, एकदा सावकाश. धाकट्याच्या टेबलावरचा असाच लुकलुकतो. मला अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"नेट कधी घेतलंस दादा?"

"झाला महिना. नव्या काट्यांना लागतं. जोडणाऱ्याने त्या डब्यालाही वायर लावून दिली. तुझी परवानगी काढायची होती?"

"त्या डबड्यात माझं काहीतरी चालू आहे."

"डबडं वाटणीत मला आलंय. कागद आहे. खाली तुझी सही आहे."

"सहीचंच सांगायला आलोय."

आणि धाकट्याने सांगितलं. अडखळला तिथे मी हजेरीपट घुसवला. थोरल्याने ऐकून घेतलं. पारडं पुसणं थांबलं होतं.

"म्हणजे महिनाभर मी तुझ्या नावाने सह्या ठोकतोय?"

"सोमवारपासून. त्याआधी ते मागची राहिलेली पानं वाचत होतं."

"चार वर्षांची?"

"हो. माझं यंत्र बंद पडलं त्याच दिवशी वाचून संपली. एक दिवस आधी संपली असती तर दोघंही गेलो असतो."

"सगळी वाचली?"

"एक न गाळता."

थोरला डब्याकडे बघत राहिला. "आता हे बंद केलं तर?"

"माझं नाव माझ्याकडे परत."

"आणि चालू ठेवलं तर?"

"तर तू मी."

थोरल्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. उठला आणि मेन स्विच ओढला. भर दुपारी त्या खोलीत एकदम दिवेलागणीसारखं झालं. लाल आकडे गेले, हिरवा ठिपका गेला. धाकट्याच्या हातातल्या मोबाईलवर सातवं नाव राखाडी झालं. थोरल्याने वाकून ते पाहिलं.

"गेलास बघ," तो म्हणाला.

मग त्याने जेवणाचा डबा उघडला आणि अर्धा धाकट्यापुढे सरकवला. दोघं जेवले. मी एका स्टुलावर बसून बघत होतो. घास घ्यायची रीत एक, चावताना डावा डोळा बारीक करायची लकब एक. कोण कुठला ते मला अंधारात दोनदा कळेना. वर टांगलेली पारडी वारा नसताना जराशी हलत होती. जुन्या काट्यांना ती खोड असते म्हणे.

"तू घरी जाऊन तुझं लावलंस तर?" थोरल्याने मधेच विचारलं.

"दोन्ही जातील."

"मग उरेल कोण?"

"कुणीच नाही."

दीड वाजला. स्विच वर गेला. आकडे आले. ठिपका काही येईना. मिनिट झालं, दोन झाली. नाव राखाडीच. धाकट्याच्या कपाळावर घाम आला. तो स्वतःच्याच मनगटावर बोट ठेवून बसला होता, नाडी बघतात तसा. मग एकदम ठिपका पेटला. दोनदा भरभर, एकदा सावकाश.

"आलास," थोरला म्हणाला. धाकट्याकडे बघून नव्हे हो, डबड्याकडे बघून. आवाजही वेगळा. भावाशी इतक्या मऊ आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकलेलं नाही.

मग त्याने पेचकस काढून टेबलावर ठेवला. "ने हवं तर तुझं कार्ड. चार स्क्रू आहेत. तूच बसवलेत."

धाकट्याने पेचकस उचलला. एका स्क्रूवर टेकवला. बराच वेळ तसाच धरला आणि परत ठेवून दिला. येताना रस्त्यात एवढंच म्हणाला, "त्या कारखान्याच्या पाटीवर माझं नाव कधीच नव्हतं रे. आणि महिनाभर मी आत बसून वाचत होतो, मलाच पत्ता नाही."

रविवारी पावणेसहाला बाईंचा निरोप आला: "शेवटचं विचारते. दोघांपैकी खरे तुम्ही कोणते?" मी शेजारच्या खुर्चीवर होतो. धाकट्याने आपल्या यंत्रातलं कार्ड काढलं, सुनेच्या लॅपटॉपला लावलं आणि पुसायला टाकलं. पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली. कार्ड कोरं झालं. मग त्याने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत उत्तर लिहिलं. मी ते तिथल्या तिथे माझ्या वहीत उतरवून घेतलं, जसंच्या तसं:

"तिकडचा खरा. इकडचा मी आत्ताच पुसून टाकलाय. यापुढे मला काही विचारायचं असेल तर तिकडे विचारा."